‘क्रिक?’पासून रंगमंचापर्यंत : हैतीच्या मौखिक कथेचे नाट्यरूपांतर

हैतीच्या ग्रामीण परंपरेत कथाकथनाचा आरंभ एका प्रश्नाने होतो. कथाकार ‘क्रिक?’ असे विचारतो, श्रोत्यांनी ‘क्रॅक!’ असे उत्तर दिले तरच कथेला तोंड फुटते. डायॅन वोल्कस्टीन यांनी ‘द मॅजिक ऑरेंज ट्री’ (१९७८) या हैतीयन लोककथांच्या संग्रहात ही प्रथा नोंदविली आहे. आपल्याकडील हुंकार ही कथा ऐकली जात असल्याची पोच असते. ‘क्रॅक’ ही कथेला दिलेली परवानगी असते आणि ती नाकारताही येते. नाट्यरूपांतराची खरी अडचण येथेच उद्भवते. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक परवानगी नाकारू शकत नाही.

‘वन्स ऑन धिस आयलंड’ (१९९०) ही लिन आरेन्स व स्टीफन फ्लाहर्टी यांची संगीतिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तिचे मूळ थेट लोककथेत नाही. अँडरसनची जलपरीची कथा रोझा गाय यांनी ‘माय लव्ह, माय लव्ह’ (१९८५) या कादंबरीत कॅरिबियन बेटावर आणली आणि त्या कादंबरीवर ही संगीतिका बेतलेली आहे. मौखिक आहे ती तिची चौकट. वादळाला घाबरलेल्या मुलीला गावकरी गोष्ट सांगतात. सांगता सांगता तेच पात्रे होतात, पुन्हा निवेदक होतात. निवेदन व अभिनय यांमधील ही ये-जा रूपांतराचे मोठे यश मानावे लागेल. मात्र श्रोत्याची जागा रंगमंचावरील मुलीने घेतल्यामुळे प्रेक्षागृहातील श्रोता केवळ साक्षीदार उरतो. २०१७ च्या पुनरुज्जीवित प्रयोगात प्रेक्षकांना वाळूच्या रंगभूमीभोवती बसविण्यात आले. अंतर कमी झाले, पण अधिकार परत मिळाला नाही.

दैवतांच्या बाबतीत हानी अधिक आहे. व्होडूमधील शेतीचे दैवत अझाका हा पुरुष. येथे तो ‘असाका’ नावाची भूमाता होतो. ‘पापा गे’ ज्या गेडे परिवारावरून आला, तो मृत्यूबरोबरच प्रजनन, थट्टा व अश्लील विनोद यांचाही. संगीतिकेत उरतो तो प्रामुख्याने भयप्रद मृत्यू. मरणासमोर हसण्याची हैतीयन वृत्ती गळाली, ही गोष्ट किरकोळ नव्हे.

याउलट फेलिक्स मोरिसो-लेरॉय यांनी १९५३ मध्ये ‘अँटिगनी’ क्रिओल भाषेत व व्होडूच्या विश्वात आणली. क्रिओलला अधिकृत भाषेचा दर्जा देणारी राज्यघटना १९८७ ची, म्हणजे रंगभूमीने शासनाच्या तीन दशके आधी ही भाषा गंभीर नाट्यासाठी समर्थ मानली होती.

वोल्कस्टीन यांच्या संग्रहातील शीर्षककथेत सावत्र आईच्या जाचातील मुलगी गाणे म्हणते आणि संत्र्याचे झाड वाढते. हैतीत कथेतील गाणे श्रोतेही उचलतात. रूपांतरकाराने येथे गायकवृंद उभा करू नये. गाणे दोनदा म्हणून मुलीने थांबावे आणि प्रेक्षक म्हणेपर्यंत झाड वाढू नये.