काचेखालचा संसार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. कचेरीचे नूतनीकरण त्यांनी पाहिले नव्हते, नाहीतर म्हणीला तिसरे कलम जोडले असते. घर बांधणारा निदान त्याच घरात राहतो. लग्न करणाऱ्याला तर पळूनही जाता येत नाही. पण कचेरीची सजावट करणारा गृहस्थ बिल पास झाले की निघून जातो, आणि त्याने योजलेल्या 'प्रसन्न' रंगाकडे दहा ते सहा कारकून बघत बसतो.

आमच्या शाखेचे नूतनीकरण झाले तेव्हा वरून एक सर्क्युलर आले. त्यात 'कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य' हे शब्द तीनदा होते आणि 'कर्मचाऱ्यांना विचारून' हे शब्द एकदाही नव्हते. मी कॉमर्सचा पदवीधर. मला शब्दांचे सौंदर्य कळत नसेल, पण शब्द मोजता येतात.

आता जमेची बाजू आधी जमेत धरली पाहिजे. जुनी शाखा म्हणजे काही नंदनवन नव्हते. पंखा कागद उडवी, पण घाम वाळवीत नसे. उजेड असा, की एक आणि सात यांतला फरक श्रद्धेने ठरवावा लागे. नवा उजेड उत्तम आहे. नवी खुर्ची तर इतकी सुखाची, की जेवणानंतर तिच्यापासून सावध राहावे लागते. त्याबद्दल देणाऱ्याचे आभार!

पण नावे बाजूला एक मोठी रक्कम आहे. ती म्हणजे टेबलावरची काच.

तुम्ही म्हणाल, काचेचं एवढं काय? अहो, टेबलावरची जाड काच म्हणजे कारकुनाचा प्लॉट! तीन फूट बाय दोन फूट, पण क्लिअर टायटल. तिच्याखाली लोकलचे टाइमटेबल, विम्याच्या हप्त्याची तारीख, गजाननाचे चित्र, मुलीचा शाळेतला फोटो असा सारा संसार मांडलेला असे. आमच्या हेडकॅशियरकाकांच्या काचेखाली कोकणातल्या घराचा फोटो होता. गिऱ्हाईक फारच तापले, की काका त्याचे बोलणे ऐकता ऐकता नजर खाली नेत आणि मिनिटभर अंगणात जाऊन येत. परत येत ते शांत होऊन. रजेचा अर्ज नाही, टी.ए. बिल नाही!

नूतनीकरणात काच गेली. पांढरीशुभ्र टेबले आली आणि 'टेबलावर खासगी वस्तू ठेवू नयेत' हा नियम आला. मनाला विरंगुळा म्हणून समोरच्या भिंतीवर स्वित्झर्लंड टांगले. बर्फाचे डोंगर, निळे तळे, सगळे कसे छान. पण त्या डोंगरात काकांचे कोणीच राहत नव्हते. त्यांनी आपला फोटो पिशवीत घालून घरी नेला. पुढे ते गिऱ्हाइकांशी भांडू लागले. मग भांडायचेही थांबले. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटली. हा सगळा काचेचा परिणाम, असे मी म्हणणार नाही. काम वाढले होते, माणसे कमी झाली होती. पण अंगणात जायची वाट नेमकी तेव्हाच बंद झाली, एवढे खरे.

भिंतींमार्फत कारकून सुधारायची वरच्या मंडळींची हौस तशी जुनीच आहे. अमेरिकेत बफेलो शहरी फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पीने साबणवाल्या लार्किन कंपनीची कचेरी १९०६ साली बांधून पूर्ण केली. इमारत नामांकित. मधल्या चौकात वरून सूर्यप्रकाश येई. पण खुर्च्या टेबलांनाच जोडलेल्या, म्हणजे माणसाने किती मागे रेलावे हेही राइटसाहेबांनीच ठरवलेले! आणि चौकाच्या भिंतींवर 'औदार्य, परोपकार, त्याग' असे शब्द कोरलेले. हे गुण कारकुनाने दाखवायचे होते, हे सांगायला नकोच. १९५० साली ती इमारत पाडली. शेवटचा शब्द निदान तिने तरी मनावर घेतला!

पुढे हर्मन मिलर या फर्निचरच्या कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या गृहस्थाने 'अ‍ॅक्शन ऑफिस' काढले. पहिले १९६४ साली, सुधारून १९६८ साली. कल्पना भली होती. माणसाने आडोशाच्या फळ्या हव्या तशा हलवाव्यात आणि आपल्या कामासारखी जागा करून घ्यावी. कंपन्यांनी त्याच फळ्या काटकोनात ठोकल्या आणि माणसांची खुराडी केली. त्या खुराड्यांवर पुढे खुद्द प्रॉप्स्टनेच कडक टीका केली.

मग चूक होते कुठे? इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठातल्या क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम या दोघांनी २०१० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही माणसांना कामाला नुसती उघडीबोडकी जागा दिली. काहींना दुसऱ्यांनी चित्रे आणि कुंड्या मांडून दिल्या. काहींना तीच चित्रे-कुंड्या स्वतःच्या मनासारख्या मांडू दिल्या. चौथ्या गटालाही मांडू दिल्या, आणि मग त्यांच्यादेखत मांडणी बदलून टाकली. उघड्याबोडक्या जागेपेक्षा कुंड्या बऱ्या ठरल्या. पण माणसे सर्वांत खूश होती आणि कामही सर्वांत चांगले झाले ते तिसऱ्या गटात. चौथ्या गटात तो सारा फायदा पाण्यात गेला. कुंड्या त्याच, चित्रेही तीच. हात तेवढा दुसऱ्याचा!

आमच्या सर्क्युलरवाल्यांना हेच कळलेले नाही. प्रसन्नता ही स्टेशनरीसारखी वर मागवून खाली वाटायची वस्तू आहे, अशी त्यांची समजूत. माणसाची प्रसन्नता त्याच्या काचेखाली असते, आणि ती काढून घेऊन ते भिंतीवर बर्फ लावतात.

तेव्हा सजावटकारांना विनंती एवढीच : दिवे लावा, रंग लावा, हवे तर स्वित्झर्लंडही लावा. फक्त प्रत्येक टेबलावर तीन बाय दोनची जागा कोरी सोडा आणि तिथे काय ठेवणार हे विचारू नका. मन मोठे हट्टी असते. भाड्याच्या खोलीतही त्याला एक तरी खिळा आपल्या हाताने ठोकायचा असतो. खिळ्याचा खर्च आम्ही करू. त्याचे व्हाउचर टाकणार नाही.