तळपाय आणि चेहरा

मोर्चाचे छायाचित्र म्हणजे मोर्चा नव्हे. तरीही मोर्चा पांगल्यावर, घोषणा विरल्यावर आणि निवेदनाची प्रत कार्यालयातल्या कपाटात विसावल्यावर लोकस्मरणात उरते ते बहुधा छायाचित्रच. म्हणून त्याची पारख केवळ बातमीचा पुरावा म्हणून करून भागत नाही. छायाचित्रकार कोठे उभा राहिला, त्याने काय टिपले आणि काय चौकटीबाहेर ठेवले, हेही विचारावे लागते.

आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, मोर्चांना सरावलेले शहर आहे. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या काळात या प्रश्नासाठी माणसे रस्त्यावर उतरली. पण सर्वांत मोठा घाव बसला तो खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांवर. शहरातील मोर्चाचे चित्र कितीही उत्तम असले, तरी त्यात जळालेले घर दिसत नाही. रस्त्याच्या छायाचित्रणाची ही पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा उंचीची. कोपर्डीच्या अमानुष घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा याच शहरात निघाला. पुढे राज्यभर निघालेल्या अशा मोर्चांची जी छायाचित्रे गाजली, त्यांत उंचावरून घेतलेली पुष्कळ होती. रस्ते भरून वाहणारा जनसागर पाहून डोळे दिपतात, संख्येचे बळ कळते. परंतु मोर्चाचे वैशिष्ट्य संख्या एवढेच नव्हते. ते मौन होते. आणि उंचावरून पाहता मौन धरलेला समुदाय व घोषणा देणारा समुदाय यांत काहीच भेद दिसत नाही. अग्रभागी चालणाऱ्या मुलींचे मिटलेले ओठ टिपण्यासाठी रस्त्यावरच उभे राहावे लागते. कलेच्या दृष्टीने मला ही जमिनीवरची चित्रे अधिक सकस वाटतात.

मग अगदी खाली उतरले की काम झाले काय? ६ मार्च २०१८ रोजी शेतकरी व आदिवासी नाशिकहून निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोहोचले. दहावीच्या विद्यार्थ्यांना अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. सोललेल्या, रक्ताळलेल्या तळपायांच्या छायाचित्रांनी तेव्हा मुंबईकरांचे हृदय हेलावले. ती चित्रे प्रामाणिक होती, यात शंका नाही. मात्र त्यांतील पुष्कळांना चेहरा नव्हता. पाय वेदना सांगतात, मागणी सांगत नाहीत. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क २००६ च्या कायद्याने मान्य केला, तो पदरात पडावा, ही मूळ मागणी त्या जखमेत दिसत नव्हती. सरकारने लेखी आश्वासन दिले. पण २०१९ आणि २०२३ साली शेतकऱ्यांना पुन्हा चालावे लागले. करुणा जागी करणारे चित्र न्याय मिळवून देतेच, असे नाही.

पवित्र गुरुवारी पाय धुणारा गुडघे टेकतो, हे आपण दरवर्षी पाहतो. पण ज्याचे पाय धुवायचे, तो त्याच्यासमोर चेहऱ्यानिशी बसलेला असतो. केवळ पावलांची एक जोडी नसतो.

या कसोटीवर सुधारक ओलवे यांचे काम मोलाचे ठरते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे एखाद्या मोर्चाच्या दिवसाची नाहीत. गटारात उतरलेला, कचऱ्यात उभा असलेला कामगार तेथे घटना म्हणून येत नाही, तर त्याच्या रोजच्या कामासह येतो. तो दयेची याचना करीत नाही. आपल्या नजरेला नजर भिडवतो. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील घाण मात्र कोणी तरी अजूनही हातांनी उपसतच आहे.

तेव्हा तरुण छायाचित्रकारांना एवढेच सुचवावेसे वाटते: गच्चीवरून खाली या, पायांपाशी वाका, मग मान वर करून चेहरा पाहा आणि त्याची मागणी चित्राखाली स्पष्ट शब्दांत लिहा. मोर्चा संपल्यानंतर त्याच्या गावीही एकदा जाऊन या. आश्वासनाचे काय झाले, याचे छायाचित्र तेथेच मिळेल.