खूण ओळखली, पुढे काय?

आज आपण ‘मोअर केअर, लेस पाथवे’ हा २०१३चा ब्रिटिश अहवाल पाहू. हॉस्पिसमध्ये मरणासन्न माणसाची जशी काळजी घेतात, तशी साध्या रुग्णालयातही घेतली जावी, म्हणून लिव्हरपूलमध्ये एक कार्यपद्धती तयार झाली होती. हेतू चांगलाच. पण पुढे काय झालं बघा : काही ठिकाणी तिचा नुसता फॉर्म झाला. आमच्या माणसाला पाणीसुद्धा दिलं नाही, अशा नातेवाइकांच्या तक्रारी आल्या. ज्यूलिया न्यूबर्गर यांच्या समितीने ती पद्धत बंद करायला सांगितलं.

अहवालाचं बळ एका कबुलीत आहे : शेवटचे दिवस सुरू झाले, हे अचूक सांगायचं साधन नाही. आम्हाला वाटतं, प्रशिक्षण इथूनच सुरू व्हावं. अन्न सुटणं, झोप वाढणं, श्वासाची लय बदलणं, या खुणा शिकवता येतात. पण ‘खात्री नाही, तरी वेळ जवळ आली असावी’ हे घरच्यांजवळ बसून सांगणं, आणि रुग्ण सावरला तर आपलं मत मागे घेणं, हे अवघड. अहवाल प्रत्येकासाठी स्वतंत्र काळजी-योजना सुचवतो. ठीक आहे. पण हे शिकवलं नाही, तर उद्या त्या योजनेचाही फॉर्मच होईल.