‘प्रभाव’ लिहिण्याआधी: फेला कुटीचा ‘आफ्रोडिझिअ‍ॅक’

सिनॉप्सिसमध्ये ‘अमक्याचा तमक्यावर प्रभाव’ असं शीर्षक दिलं, की गाइडचा प्रश्न ठरलेला: नेमकं काय गेलं, आणि कशावरून म्हणता? हाच प्रश्न आज एका अल्बमला विचारू.

नायजेरियाच्या फेला कुटीचा (तेव्हा रॅन्सम-कुटी) ‘आफ्रोडिझिअ‍ॅक’ १९७३ सालचा. ध्वनिमुद्रण लंडनमधलं, गाणी फक्त चार. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्स या बँडचा ‘रिमेन इन लाइट’ आला. त्यावर फेलाचा प्रभाव आहे, हे वाक्य सगळीकडे सापडतं.

कशावरून? पुरावा पक्का आहे. निर्माता ब्रायन ईनोने गायक डेव्हिड बर्नला फेलाचं संगीत ऐकवलं होतं. त्याच सत्रांतल्या एका अपुऱ्या तुकड्याचं नावच ‘फेलाज रिफ’ आहे. नुसतं ‘ऐकायला सारखं वाटतं’ एवढ्यावर भागवावं लागत नाही.

काय गेलं? रचना. फेलाकडे टोनी अ‍ॅलनचे ड्रम्स, गिटारचे एकमेकांत अडकणारे छोटे तुकडे आणि हाक-प्रतिसादाचं गायन असतं. कॉर्ड फारशी बदलत नाही. थर चढत-उतरत गाणं पुढे सरकतं. टॉकिंग हेड्सनी हेच तत्त्व घेतलं, पण स्टुडिओत थरावर थर रचून.

काय गेलं नाही? एकत्र वाजवणारा मोठा ताफा, योरुबा भाषा आणि बोलण्याचा हक्क. ‘जेन्वी तेमी’ या गाण्याचा आशयच ‘माझं तोंड दाबू नका’ असा आहे. बर्नच्या शब्दांत गोंधळलेला, अस्वस्थ माणूस भेटतो. ते चांगलंच आहे, पण वेगळं आहे. माझ्या मते ‘रिमेन इन लाइट’ची ताकद या फरकात आहे, आणि ‘प्रभाव’ हा शब्द नेमका तोच झाकतो.

शिवाय बाण एकाच दिशेने जात नाही. फेलाच्या संगीतात जेम्स ब्राउनचा फंक आहे. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात तो ब्लॅक पॉवरच्या विचारांशी जोडला गेला. पुढे २०१८ मध्ये बेनिनच्या अँजेलिक किजोने ‘रिमेन इन लाइट’ पूर्ण नव्याने गायला, आणि त्यात ड्रम्सवर टोनी अ‍ॅलनही होता!

तेव्हा प्रबंधात ‘प्रभाव पडला’ असं लिहिलंत, तर खाली तीन ओळी आखा: काय घेतलं, काय सोडलं, काय परत गेलं. तिन्ही भरता आल्या, तरच ते वाक्य ठेवा.