दोन याद्यांतून निसटणारा कामगार : चाकण पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

अदृश्य लोकसमूहाची संख्या अजमावण्याची द्वि-यादी पद्धत आपणांस नवी नाही. चंद्रशेखरन व डेमिंग यांनी १९४९ साली सिंगूर आरोग्य केंद्राच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या आधारे ती मांडली. समजा, एका यादीत ४०० नावे, दुसरीत ३०० व सामाईक २००. तर एकूण अंदाज ६००. दोन्ही याद्यांबाहेरचे १००.

मात्र याद्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात, हे गृहीतक चाकण, महाळुंगे, निघोजे येथील कंत्राटी कामगारांबाबत टिकत नाही. भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विमा या दोन्ही याद्यांत नाव चढवणारा ठेकेदार बहुधा एकच! सामाईक नावे २८० झाली, की अंदाज ४२९ वर उतरतो आणि अदृश्य उरतात अवघे नऊ. ज्याला ठेकेदाराने वगळले, त्याला सूत्रही वगळते. उलटपक्षी, एकच नाव दोन कार्यालयांत दोन तऱ्हांनी लिहिले गेल्यास अंदाज फुगतो. या चुका परस्परांना खोडतात, असे मानणे सोयीचे आहे, शास्त्रीय नव्हे.

ऑगस्ट २०२१ पासूनची ई-श्रम नोंदणी येथे निरुपयोगीच. निधीचा वा विम्याचा सदस्य तीत बसत नाही. सामाईक संख्या नियमानेच शून्य, आणि शून्याने भागणार कसे?

म्हणून रेशन, पाणी, दवाखाना यांचे नियोजन या आकड्यांवर बेतण्यापूर्वी ठेकेदाराच्या हाताबाहेरची तिसरी यादी हवी. आशा सेविकेची घरभेटीची वही तशी ठरू शकेल. रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपलेला आणि दिवसपाळीचा कामावर असतो. तेव्हा भाड्याच्या त्याच खोलीस सकाळ-संध्याकाळ अशा दोन भेटी द्याव्या लागतील.