दोन मिनिटांचा लंबक

पुणे विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका'ची ओळख शिक्षकांना नव्याने करून द्यायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलेले आणि जयंत नारळीकरांनी घडवलेले हे केंद्र मुळात देशभरच्या विद्यापीठांतील खगोलसंशोधकांसाठी. तरी त्याने शाळांसाठी दार उघडे ठेवले. दुसऱ्या शनिवारची व्याख्याने, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका, तेथे अरविंद गुप्तांनी केलेली टाकाऊ वस्तूंची खेळणी, या साऱ्याचे कौतुक खूप झाले आणि ते रास्तच आहे. आमचा प्रश्न जरा वेगळा आहे. तेथे जाऊन आलेल्या मुलांना एखादी गोष्ट पटते, की ती नुसती पाहून येतात?

तेथील फूकोचा लंबक घ्या. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा हा पुरावा, असे आपण मुलांना सांगतो. लंबक आपल्या झोक्याची दिशा सोडत नाही, खालची जमीनच वळते. म्हणून झोका वळल्यासारखा दिसतो. ध्रुवावर हा फेरा सुमारे एका दिवसात पुरा होतो, विषुववृत्तावर झोका वळतच नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, त्याची 'साइन' ०.३१७. चोवीस तासांना तिने भागले की सुमारे ७५ तास येतात. म्हणजे तासाला पाच अंशही नाहीत! १८५१ साली फूकोने पॅरिसमध्ये हा प्रयोग दाखवला, तिथे हेच वळण तासाला अकरा अंशांचे होते.

आमच्या वर्गाच्या पहिल्या सहलीत आम्ही या लंबकापाशी जेमतेम दोन मिनिटे थांबलो. तेवढ्यात झोका मध्यापासून एक मीटर जात असला, तरी त्याचे टोक तीन मिलिमीटरही सरकत नाही. मुलांनी हलणारा गोळा पाहिला आणि वहीत लिहिले, 'पृथ्वी फिरते हे सिद्ध झाले.' काय सिद्ध झाले? गुरुजी सांगतात ते खरे, एवढेच. दोष लंबकाचा नाही, आमच्या वेळापत्रकाचा होता. पुढच्या वेळी आधी खूण केली, तासभर विज्ञान उद्यानात हिंडलो आणि परत आलो. खुणेपासून झोका सरकलेला होता. तेव्हा एका मुलीने विचारले, "सोडतानाच बाजूला धक्का बसला असेल तर?" शंका अगदी बरोबर. म्हणूनच फूकोने गोळा दोऱ्याने बांधून ठेवला आणि दोरा जाळून सोडला.

तिथल्या कुंडात न्यूटन, गॅलिलिओ, आइनस्टाइन यांच्यासोबत आर्यभटाचा पुतळा आहे. नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे, हा दृष्टांत त्याचाच. दृष्टांताने गोष्ट कळते, पुरावा मात्र लागतोच. पुतळ्यापाशी फोटो काढताना हा फरक कोण सांगतो?

आमच्या मते या केंद्राशी जोडलेले लोकशिक्षणाचे सर्वांत मोलाचे काम भिंतीवर टांगण्यासारखे नाहीच. ते म्हणजे २००८ साली नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेली फलज्योतिषाची चाचणी. शिक्षकांनी हुशार ठरवलेली १०० मुले आणि मतिमंदांच्या शाळांतील १०० मुले, अशा २०० पत्रिका. प्रत्येक ज्योतिष्याला ४०, आणि कोणती कोणाची हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. उत्तरे आली २७ जणांची, आणि बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवूनही पन्नासाच्या आसपास येतात.

या चाचणीवर आक्षेप घेता येतात. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, मग २४ जण गप्प का राहिले? शिक्षकाने 'हुशार' म्हटले म्हणजे मूल हुशार? हे आक्षेप मुलांनीच काढावेत अशी ही चाचणी आहे, म्हणून तर आम्ही तिला लंबकाच्याही वर ठेवतो. आकाशगंगांची रंगीत चित्रे दाखवताना अशी संधी मिळत नाही. चित्रावर मूल आक्षेप कशाच्या जोरावर घेणार? सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात प्रत्येकाने ४० वेळा नाणे उडवून छापे मोजावेत. एखाद्याला २६ मिळतील. त्याला 'भविष्यवेत्ता' म्हणायचे का, यावर तास जातो. आमचा तरी गेला.