मालक म्हणतो, ‘फोन मंद झाला!’

शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फोनचा विषय निघाला की तो लवकर संपत नाही. ‘ही कंपनी मुळीच घेऊ नका’, ‘छे, आमच्या घरी तिचेच तीन आहेत, एकही बिघडला नाही’ अशी वाक्ये दोन्ही बाजूंनी येतात. बोलणाऱ्याने पदरचे पैसे मोजलेले असतात, म्हणून त्याच्या मताला वजनही मिळते. अशाच एका दुपारी आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘‘माझा फोन दोन वर्षांत पार मंद झालाय. नवं मॉडेल खपावं म्हणून कंपन्या जुने फोन मुद्दाम मंद करतात.’’ त्यावर आम्ही विज्ञानवाल्यांनी हसून सांगितले, ‘‘बाई, नव्याची जाहिरात पाहिली की जुना मंद वाटतोच. मनाचे खेळ आहेत ते.’’

बाई गप्प बसल्या. आपण अगदी वैज्ञानिक उत्तर दिले असे आम्हाला वाटले. खरे तर आम्ही काहीच मोजले नव्हते. बाईंनी तो फोन दोन वर्षे वापरला होता. आम्ही तो हातातही घेतला नव्हता.

वस्तू वापरणाऱ्याच्या अनुभवाला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात राहिला. त्याची छाननी करायला अ‍ॅपल कंपनीच्या आयफोनची हकीकत फार उपयोगी आहे. या फोनच्या कितीतरी मालकांनी वर्षानुवर्षे बाईंचीच तक्रार केली. अनेक जाणकारांनी आमच्यासारखेच हसून ती झटकली. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र या वादाला वेगळे वळण मिळाले. या प्रकरणात एकामागून एक आलेल्या साक्षी आपण तपासून पाहू.

शोधांचा आलेख

पहिली साक्ष २०१४ सालची. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्रात संशोधन करणाऱ्या लॉरा ट्रुको यांनी ‘आयफोन स्लो’ हे शब्द लोक गूगलवर केव्हा जास्त शोधतात ते पाहिले. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लईनाथन यांनी तो आलेख त्या वर्षीच्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात मांडला. नवा आयफोन बाजारात आला की आलेख उंच उसळे आणि काही काळाने खाली येई. सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनसाठी तसेच शब्द घालून पाहिले, तर अशी टोके दिसत नव्हती.

घाईने वाचणाऱ्याला यात कट दिसेल. पण थोडे थांबून विचार करू. नव्या आयफोनबरोबरच अ‍ॅपल नवी कार्यप्रणालीही देते, आणि जुन्या फोनचे मालक ती आपल्या फोनवर उतरवून घेतात. नव्या यंत्रासाठी लिहिलेली प्रणाली जुन्या यंत्राला जड जाणे स्वाभाविक आहे. सॅमसंगच्या फोनची मूळ प्रणाली गूगलची, त्यामुळे तिचे आणि फोनच्या विक्रीचे वेळापत्रक एक नसते. शिवाय जाहिरात पाहून जुना फोन मंद ‘वाटणे’ हीदेखील एक शक्यता आहेच. म्हणजे एकाच आलेखाची तीन स्पष्टीकरणे झाली. हा आलेख सहसंबंध दाखवतो, कारण दाखवत नाही, असे मुल्लईनाथन यांनीही बजावले होते. लोकांना काहीतरी जाणवते आहे, एवढेच या साक्षीने ठरले.

सरासरीची साक्ष

दुसरी साक्ष मोजमापाची. फोनची कार्यक्षमता मोजणाऱ्या चाचण्या तयार करणाऱ्या फिनलंडच्या फ्यूचरमार्क या कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये आयफोनच्या सात मॉडेलांवरील एक लाखाहून अधिक चाचण्यांचे निकाल तपासले. महिन्यामहिन्यांच्या सरासरीच्या रेषा जवळजवळ सपाट होत्या. फोन मुद्दाम मंद केले जातात या समजाला आधार नाही, असा निष्कर्ष कंपनीने काढला. लाखभर आकड्यांपुढे एकट्यादुकट्या मालकाच्या अनुभवाची काय मातब्बरी, असे कुणालाही वाटले असते.

पण शिक्षकांना सरासरीची एक खोड चांगली माहीत असते. चाळीस मुलांच्या वर्गाची सरासरी ६० गुण आहे आणि सगळी मुले साठच्या आसपास आहेत असे धरा. पुढच्या परीक्षेत ३६ मुलांना ६२ गुण मिळाले आणि चार मुलांना ४२. सरासरी काढून पाहा. ती पुन्हा ६० च येते. मुख्याध्यापकांच्या तक्त्यावर काहीच बदललेले नाही. त्या चार मुलांच्या घरी मात्र बरेच काही बदलले आहे. त्यांच्यापैकी कुणी ‘मला जमेनासे झाले आहे’ असे सांगायला आला, तर त्याला सरासरी दाखवून परत पाठवणे बरोबर ठरेल का?

एका मालकाचा प्रयोग

तिसरी साक्ष आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये आयफोन ६ एसच्या एका मालकाने आपला अनुभव जाहीरपणे मांडला. त्याचा फोन फार मंद झाला होता आणि भावाकडचा त्याहून जुन्या पिढीचा आयफोन ६ प्लस मात्र जास्त चपळ होता. इथपर्यंत ही नेहमीचीच तक्रार. पण त्याने पुढे दोन गोष्टी केल्या. गीकबेंच नावाच्या चाचणीने फोनची क्षमता मोजली. आकडे आले १४६६ आणि २५१२. पहिला प्रोसेसरच्या एका गाभ्याचा, दुसरा सर्व गाभ्यांचा मिळून. मग त्याने फक्त बॅटरी बदलली आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. आता आकडे होते २५२६ आणि ४४५६. फोन तोच होता, पण त्याची क्षमता जवळजवळ पावणेदोन पट झाली होती.

यात उणिवा आहेत. फोन एकच आहे आणि प्रयोग एकदाच झाला आहे. तरी आपण वर्गात शिकवतो ती महत्त्वाची अट त्याने पाळली: एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या आहेत तशा ठेवायच्या आणि आधी-नंतर मोजायचे. शिवाय त्याने दुसऱ्या कुणालाही करून पाहता येईल असा प्रयोग सांगितला.

तो प्रयोग वाचून गीकबेंचचे जनक जॉन पूल यांनी आपल्याकडे साठलेले निकाल पुन्हा काढले. त्यांनी सरासरी काढली नाही, तर प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वारंवारता वितरणाचे वक्र काढले. आयफोन ६ एसवर १०.२ ही आवृत्ती असताना वक्राला एकच ठळक शिखर होते. १०.२.१ आवृत्तीत कमी गुणांच्या बाजूला आणखी लहान शिखरे उगवली, आणि ११.२ मध्ये ती अधिक ठळक झाली. बॅटऱ्या तर हळूहळू जुन्या होतात; नुसत्या जुनेपणाने असे वेगवेगळे गट पडले नसते. कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्या घातल्याची ती खूण होती. पूल यांनी हे १८ डिसेंबरला प्रसिद्ध केले आणि २० डिसेंबरला अ‍ॅपलने मान्य केले की बॅटरी जुनी झाली की काही मॉडेलांची गती सॉफ्टवेअर कमी करते.

बॅटरीचा आणि गतीचा संबंध काय?

याचे उत्तर आपल्या विद्युतधारेच्या पाठात आहे. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तो वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. आता एक सोपे गणित करू. समजा, बॅटरीचे विभवांतर ३.७ व्होल्ट आहे आणि प्रोसेसरने क्षणभर ३ अँपिअर धारा मागितली. अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर ०.३ व्होल्ट आतच खर्च होऊन फोनला ३.४ व्होल्ट मिळतील. रोध वाढून ०.३ ओहम झाला असेल तर ०.९ व्होल्ट आत जातील आणि उरतील २.८. फोनला किमान ३ व्होल्ट लागत असतील, तर पडद्यावर चार्ज निम्मा दिसत असतानाही तो अचानक बंद पडेल.

वर्गात हे टॉर्चच्या सेलवर दाखवता येते. एक नवा आणि एक बराच वापरलेला सेल घ्या. नुसता मल्टिमीटर लावला तर दोन्हींच्या वाचनात फार फरक दिसणार नाही. छोटा बल्ब जोडलेला असतानाच विभवांतर मोजा. जुन्या सेलचे वाचन झपकन खाली येईल.

आयफोन ६ एसचे फोन असे अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी २०१६ मध्ये आल्या होत्या. त्यावर जानेवारी २०१७ च्या १०.२.१ आवृत्तीत उपाय आला: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरला एकदम मोठी धारा मागूच द्यायची नाही, म्हणजे त्याला सावकाश चालवायचे. अचानक बंद पडणे ६ एसमध्ये ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले, असे कंपनीने फेब्रुवारीत सांगितले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उपाय समजण्याजोगा आहे. अवघड चढावर थकलेल्या माणसाने कोसळण्यापेक्षा हळू चालणे बरे. पण फोन हळू चालेल, आणि नवी बॅटरी घातली की पुन्हा पूर्ववत चालेल, हे मालकाला कुणी स्पष्ट सांगितले नाही.

मालकांचे कुठे बरोबर, कुठे चूक?

आमचा निष्कर्ष असा. ‘फोन मंद झाला’ हा मालकांचा अनुभव होता, आणि थकलेल्या बॅटरीच्या बाबतीत तो खराच होता. त्याला मनाचे खेळ म्हणणारे चुकले. ‘नवा फोन खपावा म्हणून मंद केला’ हा मात्र अनुमानाचा भाग होता, आणि वरच्या आकड्यांतून हेतू सिद्ध होत नाही. माणसाला गती जाणवते. दुसऱ्याचा हेतू जाणवत नाही, तो तर्काने ठरवावा लागतो. मालकांच्या बोलण्यात अनुभव आणि अनुमान एकाच वाक्यात गुंफलेले असतात. अनुमान पटले नाही म्हणून आपण अनुभवही फेकून देतो, किंवा अनुभव पटला म्हणून अनुमानही गिळून टाकतो.

अर्थात या घोळाला मालकांपेक्षा कंपनीचे मौन अधिक जबाबदार होते असे आम्हाला वाटते. कारण माहीत नसलेला मालक थोडक्या खर्चात बॅटरी बदलण्याऐवजी नवा फोन घ्यायला निघतो. हेतू काहीही असो, परिणाम तोच. २८ डिसेंबर २०१७ रोजी अ‍ॅपलने ग्राहकांची क्षमा मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८ मधील ११.३ आवृत्तीत बॅटरीची प्रकृती पाहण्याची सोय आली. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला २.५ कोटी युरोंचा दंड झाला, तोही ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. जानेवारी २०१९ मध्ये नव्या फोनची मागणी घटल्याची कारणे गुंतवणूकदारांना सांगताना टिम कुक यांनी स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख केला. लोकांना फोन नव्हे, बॅटरी हवी होती, हे त्यातून आपोआप उघड झाले.

फोन घ्यायच्या आधी आपण चार जणांना विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण ‘चांगला आहे का?’ या प्रश्नाला मत मिळते, माहिती मिळत नाही. त्याऐवजी पुढचे प्रश्न विचारून पाहा. नेमके काय झाले आणि केव्हा? हे कशाच्या तुलनेत सांगता? ज्यांना काहीच त्रास नाही, अशा किती जणांना तुम्ही विचारलेत? त्रास सुरू झाल्यावर तुम्ही काय बदलून पाहिलेत आणि मग काय झाले? आठवी-नववीच्या मुलांना हे प्रश्न देऊन घरच्यांच्या अनुभवांची नोंद करायला सांगा. उत्तरांतून अनुभव एका रकान्यात आणि अनुमान दुसऱ्या रकान्यात लिहायला लावा. पहिला रकाना किती लहान आणि दुसरा किती मोठा होतो, ते पाहून मुलेच चकित होतील.

आम्हीही उशिराने का होईना, हे प्रश्न बाईंना विचारले. त्यांचा फोन दुसऱ्याच कंपनीचा होता. कॅमेरा उघडताना तो सर्वांत जास्त अडखळतो, हे त्यांनी विचारल्याबरोबर सांगितले. पाहिले तर उत्तरपत्रिकांच्या फोटोंनी आणि सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रफितींनी फोनची साठवण काठोकाठ भरली होती. बाईंनी बसून अर्धीअधिक साठवण रिकामी केली. बाकी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा चटकन उघडला. बॅटरीचा इथे काही संबंध नव्हता आणि कंपनीच्या कटाचाही नव्हता.

बाईंनी एवढेच विचारले, ‘‘पण मंद झाला होता ना?’’

झाला होता.